विश्वास तपासू द्यावा लागतो

प्रस्तावना

समुपदेशनाच्या खोलीत पहिल्यांदा आलेला माणूस बहुतेक वेळा खरी अडचण सांगत नाही. झोप लागत नाही म्हणतो, पित्त वाढलंय म्हणतो, मुलगा अभ्यासाला बसत नाही म्हणतो. यात लबाडी अजिबात नसते. मनातली गोष्ट ज्याच्या हवाली करायची तो कसा आहे, हे त्याला अजून ठाऊक नसतं. ते कळून घ्यायचा त्याच्यापाशी एकच उपाय असतो : एखादी लहानशी गोष्ट सांगून पाहायची आणि तिचं पुढे काय होतं त्यावर लक्ष ठेवायचं. पित्ताबद्दल बोलताना समोरच्याची नजर मोबाईलकडे गेली का, मुलाचं नाव निघताच उपदेश सुरू झाला का, एखाद्या शब्दापाशी आपला आवाज अडखळला तो कुणाच्या लक्षात आला का, हे सगळं टिपलं जात असतं.

विश्वास ठेवा असं सांगून कुणी विश्वास ठेवत नाही. तपासून पाहायची संधी दिली आणि दर वेळी त्या तपासात आपण टिकलो, तर तो हळूहळू बसतो. समुपदेशकाचं निम्मं कौशल्य ही संधी देण्यात आहे असं माझं मत आहे आणि हे सबंध पुस्तक त्या मताभोवती उभं आहे.

पुस्तक लिहिलं आहे समुपदेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, आणि समुपदेशकाकडे जावं की जाऊ नये या विचारात महिनोन्महिने अडकलेल्या वाचकांसाठीही. दोघांना एकाच पुस्तकात बसवण्याला कारण आहे. खोलीत काय चालतं, का चालतं हे आधीपासून माहीत असलेला माणूस प्रश्न विचारतो. ‘हे तुम्ही का विचारताय?’, ‘या अभ्यासाने मला नेमकं काय मिळणार?’, ‘हे सगळं कुठे लिहून ठेवणार?’ असे प्रश्न विचारणारे क्लायंट मला फार मोलाचे वाटतात. नव्या समुपदेशकांना ते अवघड वाटतात. ती भीती जावी, हाही या लेखनामागचा हेतू आहे.

मी एकात्मिक पद्धतीने काम करते. म्हणजे मानसोपचाराच्या कोणत्याही एका घराण्याशी बांधून न घेता, समोरच्या माणसाची अडचण, त्याचा स्वभाव आणि त्याची परिस्थिती पाहून निरनिराळ्या घराण्यांतलं काम वापरते. यात एक अट आहे. आज हे का वापरलं आणि ते का नाही, याचं उत्तर समुपदेशकापाशी असलं पाहिजे आणि क्लायंटने विचारलं तर त्याला समजेल अशा भाषेत देता आलं पाहिजे. ही अट पाळली नाही तर नुसती तंत्रांची जमवाजमव उरते. कार्यशाळेत शनिवारी शिकलेलं तंत्र सोमवारी आलेल्या पहिल्या माणसावर वापरलं जातं, आणि आपल्यावर काहीतरी करून पाहिलं जातंय हे त्या माणसाला लगेच कळतं.

एकात्मिक विचार समजावून सांगताना मी वर्गात नेहमी एका जुन्या फिल्मपासून सुरुवात करते. 1965 साली अमेरिकेत एव्हरेट शोस्ट्रॉम यांनी ‘थ्री अप्रोचेस टू सायकोथेरपी’ नावाची प्रशिक्षणासाठीची फिल्म काढली. ग्लोरिया नावाची घटस्फोटित तरुण आई कॅमेऱ्यासमोर तीन नामवंतांशी एकामागून एक बोलते : व्यक्तिकेंद्री उपचारांचे कार्ल रॉजर्स, गेस्टाल्ट पद्धतीचे फ्रिट्झ पर्ल्स आणि विवेकनिष्ठ उपचारांचे अल्बर्ट एलिस. रॉजर्सपुढे ती आणते तो प्रश्न आजही अंगावर येतो. घटस्फोटानंतर तिचे पुरुषांशी संबंध आले आहेत. नऊ वर्षांच्या मुलीने त्याबद्दल थेट विचारलं आणि ग्लोरियाने खोटं सांगितलं. आता ते खोटं तिला टोचतंय. खरं सांगितलं तर मुलीच्या मनावर परिणाम होईल का, एवढंच तिला रॉजर्सकडून हवं आहे. हो किंवा नाही.

रॉजर्स हो-नाही देत नाहीत. उत्तर टाळतही नाहीत. हा निर्णय तिच्यासाठी दुसरा कुणी घेऊ शकणार नाही, हे ते मान्य करतात आणि तिच्या घालमेलीशेजारी बसून राहतात. ती चिडते, पुन्हा विचारते, आणि बोलता बोलता तिला स्वतःलाच ऐकू येतं की तिला मुलीपुढे खरं राहायचं आहे. पर्ल्स तिला अगदी वेगळे भेटतात. घाबरलेय असं म्हणताना तू हसतेयस, हे ते तिच्या तोंडावर दाखवतात. तिला राग येतो आणि ती तो राग त्यांना बोलून दाखवते. एलिस भरभर बोलतात, तिच्या मनातल्या ‘असं झालं तर भयंकर’ या विचाराला आव्हान देतात.

फिल्म संपली की विद्यार्थी हमखास विचारतात, बरोबर कोण? ग्लोरियाने त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर कौल दिला तो पर्ल्स यांना. पुढे वर्षानुवर्षं, 1979 मध्ये तिचा मृत्यू होईपर्यंत, तिचा पत्रव्यवहार राहिला तो रॉजर्सशी. मला या दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या वाटतात. एकाच माणसाला एका दिवशी कुणीतरी समोर उभं ठाकायला हवं असतं आणि दहा वर्षं कुणीतरी शेजारी असायला हवं असतं. एकाच समुपदेशकाला हे दोन्ही थोडंथोडं जमावं आणि कधी कुठलं हे क्लायंटला विचारून ठरवता यावं, यासाठी एकात्मिक पद्धत.

हा विचार काही नवा नाही. सॉल रोझेनझ्वाइग यांनी 1936 मध्येच एक छोटा निबंध लिहून दाखवून दिलं होतं की एकमेकांशी भांडणाऱ्या उपचारपद्धतींमध्ये काही समान घटक लपलेले आहेत आणि गुण बहुधा त्यांचा आहे. जेरोम फ्रँक यांनी 1961 च्या ‘पर्स्वेजन अँड हीलिंग’मध्ये दवाखान्यातले उपचार आणि धर्मस्थानांतले उपचार शेजारीशेजारी ठेवून पाहिले. ज्याच्यावर भरवसा आहे असा माणूस, उपचारासाठी राखलेली जागा, दुखण्याचा पटेल असा उलगडा आणि दोघांनी मिळून करायची काही कृती या चार गोष्टी त्यांना सगळीकडे सापडल्या. आपल्याकडे एखादी बाई आधी गुरुवारी दर्ग्यात जाते, मग देवऋषीकडे आणि शेवटी आपल्याकडे येते. तिला नावं ठेवण्याआधी फ्रँक वाचावेत. तिथे तिला काय मिळालं हे आदराने विचारलं, तर तिच्याविषयी पुष्कळ कळतं. तिथे तिला भीती घातली गेली असेल तर तेही तेव्हाच बाहेर येतं.

पुढे अर्नोल्ड लाझारस यांनी 1967 मध्ये तंत्रं कुठूनही घ्या, सिद्धान्तांची मात्र सरमिसळ करू नका, अशी भूमिका मांडली. पॉल वॉचटेल यांनी 1977 मध्ये मनोविश्लेषण आणि वर्तनोपचार यांचा सांधा जोडणारा ग्रंथ लिहिला. 1983 मध्ये या विचाराच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली. हा इतिहास दुसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे, इथे तो लांबवत नाही.

इथे थांबायचं आहे ते एडवर्ड बोर्डिन यांच्यापाशी. 1979 च्या लेखात त्यांनी उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले : ध्येयाबद्दल एकमत, करायच्या कामांबद्दल एकमत आणि आपुलकीचा बंध. विश्वास म्हटला की आपण फक्त तिसऱ्या भागाचा विचार करतो. गोड बोलावं, मान हलवावी, समजून घ्यावं. पहिल्या दोन भागांकडे दुर्लक्ष झालं की आपुलकी असूनही काम रुतून बसतं.

उदाहरण देते. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाला आई घेऊन येते. तिचं ध्येय मुलाने बॅकलॉग काढावेत. मुलाचं ध्येय इंजिनीअरिंग सोडावं. समुपदेशक दोघांशी कितीही प्रेमाने बोलला, तरी कुणाच्या ध्येयासाठी काम चाललंय हे उघड ठरलं नाही तर तो मुलगा तिसऱ्या भेटीला येणार नाही. आणि आलाच, तर खुर्चीत नुसता बसून राहील.

कामांबद्दलच्या एकमताचं उदाहरण माझ्या जास्त जवळचं आहे. बोधात्मक वर्तनोपचारात विचारांची नोंद ठेवायला सांगतात : प्रसंग काय, मनात काय आलं, भीती किती वाटली. पुस्तकात हे सोपं दिसतं. वन रूम किचनमध्ये सहा माणसांत राहणाऱ्या बाईने ती वही ठेवायची कुठे? उशीखाली सापडेल, कपाटात सापडेल, आणि सासूच्या हाती लागली तर पुढचं महाभारत ठरलेलंच. अशा वेळी ‘होमवर्क का केलं नाही?’ असं विचारणारी समुपदेशक त्या घरातली आणखी एक सासू होते. त्याऐवजी विचारावं की तुमच्या घरात हे कसं जमेल. एका बाईने यावर काढलेला तोडगा मी आता सगळ्यांना शिकवते. तिने किराणा-दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, रोज फक्त एक आकडा लिहायला सुरुवात केली. धडधड किती झाली ते दहापैकी. सात, सात, आठ, पाच. दुधाच्या पिशव्यांच्या आकड्यांशेजारी ते आकडे कुणाच्या डोळ्यांवर आले नाहीत. भेटीत ती वही उघडायची आणि प्रत्येक आकड्यामागचा दिवस सांगायची. तोडगा तिचा होता म्हणून तो टिकला.

या नात्याचं वजन किती, हे मोजायचे प्रयत्न पुष्कळ झाले आहेत. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात 295 अभ्यास आणि तीस हजारांहून अधिक रुग्ण एकत्र घेऊन पाहिले गेले. नातं जितकं पक्कं तितका परिणाम चांगला, असा संबंध वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पद्धतींत आणि वेगवेगळ्या आजारांत सातत्याने दिसला. संबंधाची ताकद मध्यम आहे. परिणामांतल्या फरकापैकी साधारण आठ टक्के फरक त्याने उलगडतो. विद्यार्थी हा आकडा ऐकून हिरमुसतात. त्यांना मी सांगते की उरलेल्यात माणसाचं घर, पैसा, आजाराची तीव्रता, नशीब असं सगळं आहे आणि त्यातलं फारच थोडं आपल्या हातात आहे. हे आठ टक्के आहेत.

आता तपासून पाहण्याकडे परत येते. सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविश्लेषक जोसेफ वाइस यांनी आपलं आयुष्य या एका कल्पनेवर खर्च केलं की क्लायंट नकळत थेरपिस्टची परीक्षा घेत असतो. लहानपणी आपण रडलो की घरचे वैतागायचे, असा ज्याचा अनुभव आहे तो थेरपिस्टपुढे रडून बघतो किंवा मुद्दाम वैताग येईल असं वागतो. हाही तसाच वागेल का, हे त्याला पाहायचं असतं. नाही वागला तर मनातली जुनी समजूत जराशी सैल होते. वाइस यांचं म्हणणं पटल्यापासून उशिरा येणं, फी विसरणं, दाराशी पोचल्यावर ‘जाता जाता एक सांगायचं होतं’ म्हणणं, या गोष्टी मला अडथळे वाटत नाहीत. ते प्रश्न असतात.

आपल्याकडच्या परीक्षा मात्र खास आपल्या असतात आणि त्या परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. बहीण भावाला घेऊन येते. तो खुर्चीच्या कडेवर टेकतो, पाठ लावत नाही. दहा मिनिटं तीच बोलते. मी लिहायला वही पुढे घेतली की त्याची नजर पेनाच्या टोकावर खिळते. ‘हे लिहून ठेवता का?’ एवढंच तो विचारतो. त्या क्षणी वही त्याच्याकडे फिरवून द्यायची. ‘आत्तापर्यंत हे लिहिलंय, वाचा. यातलं काही खोडायचं असेल तर खोडा.’ बहुतेक जण खोडत नाहीत. वाचतातही अर्धवट. पाठ मात्र खुर्चीला टेकते. कधी कुणी पेन मागून घेऊन आपल्या कंपनीचं नाव काळजीपूर्वक काट मारून टाकतं आणि तेव्हा मला कळतं की नोकरीची भीती किती मोठी आहे.

दुसरी परीक्षा खोलीबाहेर होते. त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन येतो. ‘ताई, काय म्हणाला तो? मला एकटीला सांगा, मी त्याला कळू देणार नाही.’ ती काळजीपोटीच विचारत असते, तिने रिक्षाचे आणि फीचे पैसे दिलेले असतात. आपल्या कुटुंबांत माणसाचं गुपित ही सगळ्यांची मालमत्ता असते आणि समुपदेशक ती सगळ्यांना वाटून देईल असं गृहीत असतं. पाश्चात्त्य पुस्तकांतलं ‘माहिती देता येणार नाही’ हे उत्तर इथे घाव घालतं. म्हणून ही गोष्ट पहिल्याच भेटीत, दोघं समोर असताना, मोकळेपणाने बोलावी लागते : त्याने बोललेलं त्याच्यापाशी राहील, घरच्यांना काही सांगायचं असेल तर तोच सांगेल किंवा त्याच्यासमोर मी सांगेन, आणि घरच्यांनी मला फोन केला तर तो फोन आल्याचं मी त्याला सांगेन. बहिणीलाही विचारावं, तुम्हाला या सगळ्यात काय लागेल? तिला पुष्कळदा एवढंच हवं असतं की त्याने जिवाचं बरंवाईट करू नये. ते सांगण्याची वेळ आलीच तर मी सांगेन, असा शब्द देता येतो.

हा शब्द कायद्याशी जुळणारा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 23 ने मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आणि जिवाला धोका, इतरांना इजा अशा अपवादांची यादीही दिली. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत 2012 च्या पोक्सो कायद्याचं कलम 19 कळवणं बंधनकारक करतं. हे अपवाद क्लायंटने काही सांगण्याआधी त्याला माहीत हवेत. सांगून झाल्यावर ‘मला हे कळवावं लागेल’ असं ऐकलेली मुलगी पुन्हा कुणाहीजवळ तोंड उघडणार नाही. सुरुवातीला मर्यादा सांगितल्या तर लोक बोलणार नाहीत, अशी शंका नवे समुपदेशक घेतात. मी उलट पाहिलं आहे. कुंपण कुठे आहे ते दिसलं की माणसं आत निर्धास्त फिरतात.

आता त्या विषयाकडे वळते ज्यावर या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण आहे. जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर म्युरन यांनी उपचारातल्या नात्याला पडणाऱ्या भेगांचा बारकाईने अभ्यास केला. भेगा दोन प्रकारच्या : क्लायंट अंगावर येतो किंवा आत मिटतो. पहिला प्रकार ओळखायला शिकावं लागत नाही. दुसरा ओळखणं महाराष्ट्रात तर फारच अवघड, कारण तो सभ्यतेचं रूप घेऊन येतो. ‘हो मॅडम.’ ‘बरोबर आहे तुमचं.’ ‘करते मी ट्राय.’ मोठ्या माणसाला, शिकलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, हे आपण पाळण्यात शिकलेलो असतो. समुपदेशक पुढे चाल करते, क्लायंट होकार देत राहतो आणि एक दिवस ‘पाहुणे आलेत’ असा मेसेज येऊन भेटी बंद होतात.

या होकाराच्या आत शिरायला थोडी हिंमत लागते. ‘तुम्ही हो म्हणालात, पण मला वाटलं मी जरा घाई केली. चुकलं का माझं काही?’ असं विचारलं तर उत्तर येतं, ‘छे छे, तुमचं काय चुकणार!’ इथे थांबायचं नाही. ‘मागच्या आठवड्यात मी सुचवलेलं घरी गेल्यावर किती पटलं? दहापैकी सांगा.’ आकडा विचारला की माणसं सहा म्हणतात. उरलेले चार कुठे गेले, हे विचारायला मग दार उघडं असतं. ज्या दिवशी क्लायंट पहिल्यांदा म्हणतो, ‘खरं सांगू का, ते मला नाही पटलं’, तो दिवस मी डायरीत नोंदवून ठेवते. समोरच्या मोठ्या माणसाला नाही म्हटलं आणि नातं तुटलं नाही, हा अनुभव कित्येकांना आयुष्यात प्रथमच आलेला असतो. पुढे तो साहेबाला, सासऱ्याला, नवऱ्याला नाही म्हणायच्या कामी येतो.

मोठेपण नाकारून हे साधत नाही, हेही सांगायला हवं. मनोविकारतज्ज्ञ आणि पंजाबी कवी डॉ. जसवंत सिंग नेकी यांनी 1973 मध्ये गुरू-शिष्याच्या नात्याकडे उपचाराचा नमुना म्हणून पाहणारा लेख लिहिला. पाश्चात्त्य उपचारांना क्लायंटचं अवलंबून राहणं खटकतं. आपल्याकडे आधार घेणं ही नात्याची पहिली पायरी असते, हे त्यांनी ठामपणे मांडलं. मला त्यांचं म्हणणं बरंचसं पटतं. ‘ताई, तुम्हीच सांगा आता’ असं म्हणणाऱ्या माणसाला पहिल्याच भेटीत ‘निर्णय तुमचा तुम्हीच घ्यायचा’ असं सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे नियम वाचून दाखवणं. आधी हात द्यावा. एखादी साधी, निरुपद्रवी, करता येण्याजोगी सूचना द्यावी. झोपेची वेळ, चहाचं प्रमाण, रोजचा फेरफटका. ती पाळून थोडं बरं वाटलं की सूचना देण्याचं काम हळूहळू त्याच्याकडे सरकवत न्यावं. नेकींशी माझा मतभेद इथे सुरू होतो : गुरूला शिष्याने प्रश्न विचारून तपासावं अशी सोय आपल्या परंपरेत फार थोड्या ठिकाणी राहिली. समुपदेशकाने ती सोय स्वतःहून करून द्यावी लागते.

विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजली तशी भारतात इतरत्र क्वचितच रुजली असेल. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार ठेवून ती इथे आणली, मराठीत लिहिली, शिकवली. ठाण्यात 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने ती घरोघरी पोचवली. वादविवादाची, सुधारकी वाचनाची सवय असलेल्या मराठी वाचकाला ती पटकन आपली वाटते आणि माझ्या कामातला मोठा भाग तिच्यावर उभा आहे. एक सावधगिरी मात्र मी शिकवताना सांगते. जिला जन्मभर ‘तुझंच चुकतंय’ हे ऐकावं लागलं, तिला दुसऱ्याच भेटीत ‘हा तुमचा विचार अविवेकी आहे’ म्हटलं तर तिला त्यात वडिलांचा आवाज ऐकू येतो. तोच मुद्दा दोन महिन्यांनी, ती स्वतः आपल्या विचाराकडे कुतूहलाने पाहू लागल्यावर मांडला, की ती हसते आणि मान्य करते. तंत्र तेच असतं, बदललेलं असतं ते नातं.

अनोळखी माणसावर भरवसा टाकून मनातलं, देहातलं विचारण्याची वाट मराठीत फार आधी पडलेली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. लैंगिक प्रश्नांबद्दल कुणाला विचारावं हे न सुचणाऱ्या वाचकांनी त्यांना पत्रं लिहिली. कर्व्यांनी न हसता, न रागावता, जे माहीत होतं ते सरळ सांगितलं. या उत्तरांवरून त्यांच्यावर 1934 मध्ये खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. कर्वे समुपदेशक नव्हते आणि त्यांच्या स्वभावात मृदुता बेताचीच होती. तरीही लोक लिहीत राहिले, कारण प्रश्न विचारल्याबद्दल तिथे कुणी खाली मान घालायला लावत नव्हतं. विश्वासासाठी गोडव्याची गरज असतेच असं नाही, हे मला कर्व्यांकडून पटलं.

नुसत्या विश्वासाने सगळं बरं होतं, असं मात्र या पुस्तकात कुठेही म्हटलेलं नाही. रॉजर्स यांनी 1957 मध्ये लिहिलं की थेरपिस्टचा खरेपणा, विनाअट स्वीकार आणि सहवेदना या गोष्टी बदलासाठी आवश्यक आहेत आणि पुरेशाही आहेत. त्याच वर्षी ते विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले आणि मेंडोटाच्या सरकारी मनोरुग्णालयातल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर त्यांनी मोठा प्रकल्प हाती घेतला. 1967 मध्ये त्याचा ग्रंथ आला. उपचार मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत अपेक्षेइतका फरक दिसला नव्हता. रॉजर्स यांच्याविषयी माझ्या मनात अपार आदर आहे, आणि तरी मी त्यांच्या वाक्यातलं ‘आवश्यक’ घेते, ‘पुरेशा’ सोडते. मंत्रचळ असलेल्या माणसाला नळाची तोटी धरून, हात न धुता थांबण्याचा सराव लागतो. विश्वास असला तर तो त्या सरावाला तयार होतो, सराव मात्र करावाच लागतो. तीव्र नैराश्यात, भास होत असताना औषध लागतं, आणि मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवताना ‘मला नको झालात म्हणून पाठवत नाही’ हे समजावण्याइतकं नातं लागतं.

आणि मारहाण होत असेल तर संरक्षण लागतं. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून बोलतं करण्याचा मोह अशा वेळी कटाक्षाने टाळावा. बाई खोलीत जे बोलेल त्याचा हिशेब घरी चुकता होतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर 1984 मध्ये सुरू केलेल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात सामाजिक कार्यकर्त्या पोलिसांच्याच आवारात बसून हे काम करू लागल्या. तिथलं काम आमच्या पडदे लावलेल्या खोल्यांतल्या कामापेक्षा कितीतरी कठीण आहे. बाहेर हवालदार बसलेला, शेजारी दुसरीच तक्रार चाललेली, आणि तशातही समोरच्या बाईला वाटलं पाहिजे की ही माझ्या बाजूची आहे. एकात्मिक कामाचा अर्थ मला तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो : कायदा, निवारा, पोटापाण्याची सोय आणि मनाचं बोलणं एकाच टेबलावर.

गेल्या काही वर्षांत बरंच काम फोनवर आणि व्हिडिओवर गेलं. त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. इथे एकच गोष्ट सांगते. घरात स्वतःची खोली नसलेल्या मुली गच्चीवरून बोलतात, पार्किंगमधल्या स्कूटरवर बसून बोलतात. पहिल्याच भेटीत आम्ही एक निरुपद्रवी वाक्य ठरवून ठेवतो. ती मध्येच ‘नोट्स उद्या पाठवते’ म्हणाली की मी समजते, कुणीतरी आलंय, आणि अभ्यासाबद्दल बोलू लागते. हे वाक्य ती स्वतः निवडते. पुष्कळदा उपचार त्या निवडीपासूनच सुरू झालेले असतात.

पुस्तकातल्या प्रसंगांविषयी. यातलं कुठलंही माणूस जसंच्या तसं घेतलेलं नाही. अनेकांच्या गोष्टींतले धागे एकत्र करून, गाव, वय, नातं, व्यवसाय बदलून ती घडवली आहेत. हिशेबाच्या वहीचा तोडगा ज्यांचा, त्यांची परवानगी घेतली आहे, आणि त्यांच्याविषयीचे इतर तपशील बदलले आहेत. गोपनीयतेबद्दल एवढं लिहायचं आणि पुस्तकासाठी तीच मोडायची, हे मला मान्य नव्हतं.

प्रकरणं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. समुपदेशन घेण्याच्या विचारात असलेल्यांनी तिसरं आणि सातवं आधी वाचावं. विद्यार्थ्यांनी मात्र शेवटचं प्रकरण, भेटी थांबवण्याविषयीचं, टाळू नये. निरोप कसा घ्यावा हे शिकवण्याआधीच बहुतेक अभ्यासक्रम संपलेले असतात. पहिल्या भेटीत क्लायंटच्या हातात द्यायचं एक पानी माहितीपत्रक पुस्तकाच्या अखेरीस छापलं आहे : फी किती, वेळ किती, काय लिहून ठेवलं जाईल, काय गुप्त राहील, काय राहू शकणार नाही, पटलं नाही तर कसं सांगायचं, आणि रात्री-अपरात्री असह्य झालं तर केंद्र सरकारच्या टेली मानस हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक. त्याच्यावर हक्क राखलेले नाहीत. झेरॉक्स काढावी, आपल्या भागातल्या बोलीत फिरवून घ्यावं, आणि वाचता न येणाऱ्याला ते शेजारी बसून वाचून दाखवावं.